गरम पोळीचा हट्ट

जेवताना मोबाईल नको, टीव्ही नको, हे आता घरोघरी ऐकू येतं. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने तर १५ ऑगस्ट २०२२ पासून रोज संध्याकाळी सातला भोंगा वाजवून दीड तास टीव्ही-मोबाईल बंद ठेवायला सुरुवात केली. मुलांनी अभ्यास करावा, घरातल्यांनी एकमेकांशी बोलावं म्हणून. मला त्या गावाचं मनापासून कौतुक वाटतं. पण मोबाईल बाजूला ठेवून सगळे पानावर बसले, तरी बहुतेक घरांत एक माणूस तिथे नसतंच. ते गॅसपाशी उभं असतं.

आजीच्या काळी आधी पुरुषांची पंगत आणि मागून बायकांची, अशी रीतच होती. आमच्या घरातून रीत गेली, पण "तुम्ही बसून घ्या, मी गरम गरम वाढते" हे राहिलं. पोळी फुगली की तव्यावरून थेट बाबांच्या ताटात. आम्ही हात धुऊन उठलो की आई कढईतच भात घालायची, कडेला चिकटलेला मसाला त्या भाताने पुसून घ्यायची आणि ओट्याशी उभ्यानेच खायची. "कढईतल्या भाताची चव ताटात येत नाही गं," म्हणायची. मला ते कितीतरी वर्षं खरं वाटत होतं.

पुढे मीही तेच करू लागले. एका रात्री बाहेर सगळे पोट धरून हसत होते. मी लाटता लाटता ओरडून विचारलं, "काय झालं रे?" लेक म्हणाली, "काही नाही गं, नंतर सांगते." नंतर तिने सांगितलंही. पण तोवर हसू संपलं होतं.

दुसऱ्या दिवसापासून पोळ्या आधीच करून, फडक्यात गुंडाळून डब्यात. भाजी-आमटीची पातेली मधोमध, ज्याने त्याने वाढून घ्यायचं. पाणी, मीठ, लोणचं मुलांकडे. नवरा दोन दिवस कुरकुरला, मग कोशिंबीर करायला लागला. भाकरी मात्र तव्यावरचीच हवी, हे मलाही मान्य आहे. त्या दिवशी सगळे स्वयंपाकघरातच फरशीवर बसतात आणि भाकऱ्या आळीपाळीने थापल्या जातात. लेकीची भाकरी अजून कडेला फाटते, तरी ती आधी संपते.

गेल्या महिन्यात आई राहायला आली होती. पहिल्या घासालाच तूप आणायला उठू लागली. नातवाने पदर धरला, "आजी, बस. मी आणतो." मग ती बसली. भात कालवला, लिंबू पिळलं, मधेच हात थांबवून माहेरच्या विहिरीची गोष्ट सांगितली, पुन्हा एक घास घेतला. आमची सगळ्यांची ताटं रिकामी झाली, हात वाळले, तरी तिचं चाललंच होतं.

आई इतकी सावकाश जेवते, हे मला पंचेचाळिसाव्या वर्षी कळलं.