‘पहिल्याच दिवशी दाखवा मालक कोण ते’: एका फॉरवर्डचा समाचार

कुणाच्या घरी नवीन कुत्रा येणार असं कळलं की अभिनंदनाआधी एक फॉरवर्ड येऊन थडकतो. ‘पहिल्याच दिवशी दाखवा मालक कोण ते’ असं त्याचं शीर्षक, खाली सहा नियम आणि शेवटी ‘प्रत्येक श्वानप्रेमीपर्यंत पोचवा’. तो इतका फिरलाय की एकेक नियम घेऊन बघावाच म्हटलं.

‘कुत्रा म्हणजे घरातला लांडगा. कळपात एक अल्फा असतो. तुम्ही झाला नाहीत तर तो होईल.’

बाकीचे बरेचसे नियम या वाक्याच्या जिवावर चाललेत, म्हणून इथे जरा थांबू. अल्फा म्हणजे सगळ्यांना दाबून ठेवणारा कळपाचा म्होरक्या. ही कल्पना मुख्यतः प्राण्यांच्या वर्तनाचे अभ्यासक रुडॉल्फ शेंकेल यांच्या 1947 सालच्या निबंधातून आली. त्यांनी पाहिलेले लांडगे स्वित्झर्लंडमधल्या बाझलच्या प्राणिसंग्रहालयात कोंडलेले होते. भांडण झालं तर निघून जायला जागाच नाही, मग दादागिरी दिसणारच. डेव्हिड मीच या अमेरिकन संशोधकाच्या 1970 च्या पुस्तकामुळे अल्फाची कल्पना सगळीकडे पसरली. पुढे याच मीच यांनी कॅनडाच्या एल्स्मिअर बेटावर मोकळे लांडगे अनेक उन्हाळे जवळून पाहिले आणि 1999 मध्ये लिहिलं की रानातला कळप म्हणजे बहुतेक वेळा आई, बाप आणि त्यांची पिल्लं. मोठी दोघं पुढे चालतात ती आईबाप म्हणून, कुणाला लोळवून नव्हे. आपलं जुनं पुस्तक छापणं बंद करा, म्हणून ते प्रकाशकाच्या मागे लागले आणि 2022 मध्ये ते बंद झालं. ज्याने मत पसरवलं त्यानेच ते मागे घेतलं, फॉरवर्ड मात्र चालूच आहे. शिवाय कुत्रा किमान 14,000 वर्षं माणसाच्या सोबतीने राहतोय. लांडग्याचे नियम त्याला जसेच्या तसे लावायचे कशाला?

‘आधी तुम्ही जेवा, मग त्याला द्या. दारातून आधी तुम्ही बाहेर पडा.’

जेवण ठरलेल्या वेळेला मिळालं की कुत्रा खूश असतो. आधी कोण जेवलं याचा हिशेब तो ठेवत नाही. दारात थांबायला जरूर शिकवा, पण ते बाहेर गाड्या असतात म्हणून.

‘घरात शू केली तर नाक त्यात घासा.’

हा सल्ला सगळ्यात जुना आणि सगळ्यात निरुपयोगी. पिल्लाचं वय जितके महिने, त्यात एक मिळवा. साधारण तितके तास ते कसंबसं दम धरू शकतं, आणि खेळण्याच्या भरात तेवढाही नाही. म्हणजे दोन महिन्यांच्या पिल्लाने चार तासांनी शू केली तर चूक घड्याळ न बघणाऱ्याची. झोपून उठल्यावर, खाल्ल्यावर, खेळून झाल्यावर लगेच बाहेर न्या आणि योग्य जागी केली की तिथल्या तिथे खाऊ द्या. नाक घासल्याने ते एवढंच शिकतं की या माणसासमोर शू करणं धोक्याचं. मग ते सोफ्यामागे जाऊन करतं, आणि बाहेर पट्ट्यावर तुमच्या शेजारी तासभर फिरूनही करत नाही.

यावर ठरलेलं उत्तर येतं, ‘त्याला कळतं हो, चेहराच पडतो.’ कुत्र्यांच्या वर्तनाच्या अभ्यासक अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी 2009 मध्ये हेच तपासलं. मनाई केलेला खाऊ कुत्र्याने खाल्ला की नाही, हे मालकाला कधी खरं सांगितलं, कधी खोटं. पडलेला चेहरा दिसला तो मालक रागावल्यावर. काहीही न खाता ओरडा खाल्लेल्या कुत्र्यांमध्ये तो उलट जास्त दिसला.

‘गुरगुरला तर उताणा पाडून दाबून धरा. जेवताना मुद्दाम भांड्यात हात घाला, म्हणजे सवय होते.’

इथे मात्र नुसतं हसून सोडून देता येत नाही, कारण यातून माणसं चावून घेतात. पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठातल्या संशोधकांनी वर्तनाच्या तक्रारी घेऊन आलेल्या कुत्र्यांच्या मालकांना विचारून 2009 मध्ये पाहणी छापली. कुत्र्याला मारून किंवा लाथ घालून पाहिलेल्यांपैकी 43 टक्के आणि उताणा दाबून पाहिलेल्यांपैकी 31 टक्के मालकांनी सांगितलं की त्यावर कुत्रा अंगावर आला. ही आधीच अडचणीत असलेली कुत्री होती हे धरलं, तरी ज्यांच्यासाठी हा उपाय सुचवला जातो तीही तीच ना? गुरगुरणं ही कुत्र्याची पूर्वसूचना आहे. ती मारून बंद केली की भीती तशीच राहते आणि पुढच्या वेळी सूचना न येता थेट दात येतात. घरात लहान मूल असेल तर याचा अर्थ वेगळा सांगायला नको. भांड्यात हात घालण्याऐवजी जवळून जाताना त्यातल्यापेक्षा चविष्ट काहीतरी टाकून पुढे व्हा. तुम्ही जवळ येणं मग त्याला हवंसं वाटायला लागतं.

‘लसी पूर्ण होईपर्यंत घराबाहेर पाऊल नाही.’

यात अर्धं खरं आहे. पार्व्हो हा पिल्लांना होणारा उलट्या-जुलाबांचा आजार जीवघेणा आहे आणि त्याचा विषाणू मातीत महिनोन्‌महिने टिकतो. आईकडून आलेली प्रतिकारशक्ती लसीच्या आड येते, म्हणून डोस साधारण 16 आठवड्यांपर्यंत पुन्हा पुन्हा द्यावे लागतात. एक लस टोचली आणि झालं, असं नसतं. पण जग ओळखून घेण्याचं पिल्लाचं वय तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या-चौदाव्यापर्यंतच असतं. चार महिने कोंडलेलं पिल्लू पार्व्होतून वाचतं आणि नंतर छत्री, सायकल, दाढीवाला माणूस, सगळ्यालाच घाबरतं. प्राण्यांच्या वर्तनावर काम करणाऱ्या अमेरिकन पशुवैद्यांच्या संघटनेचं म्हणणं असं की पहिल्या लसीनंतर निदान सात दिवस गेले की, सात-आठ आठवड्यांच्या पिल्लालाही पिल्लांसाठीच्या स्वच्छ, देखरेखीखालच्या वर्गात नेता येतं. तुमच्या भागात साथ आहे का, ते डॉक्टरांना विचारा. अनोळखी कुत्र्यांच्या वावराच्या जागी पिल्लू खाली ठेवू नका. कडेवर घेऊन जग दाखवा, लसी झालेल्या ओळखीच्या कुत्र्यांना भेटवा.

‘घरात आधीचा कुत्रा असेल तर दोघांना एकदम सोडा, त्यांचं ते ठरवतील.’

ठरवतात कधीकधी, टाके घालून. पहिली भेट घराबाहेर, दोघांचीही नसलेल्या जागी घ्या. दोन माणसं, दोन पट्टे, मध्ये अंतर, आणि एकाच दिशेने चालणं. सैलावले की अंतर कमी करा. घरात आणण्याआधी खेळणी आणि खाण्याची भांडी उचलून ठेवा, जेवण वेगवेगळ्या खोलीत द्या. जुना कुत्रा पिल्लावर एकदा गुरगुरला तर गुरगुरू द्या. पिल्लू तरीही अंगावर उड्या मारत राहिलं तर पिल्लाला उचला, जुन्याला रागावू नका. आणि पहिले काही आठवडे घरात कुणी नसताना दोघांच्या मध्ये एक बंद दार असू द्या.