तळ्याकाठी सी ग्रेड

एलिमेंटरीला मला सी ग्रेड मिळाली होती. वस्तुचित्रासाठी समोर तांब्या ठेवलेला. माझा कागद बघून सरांनी हळूच विचारलं, "भोपळा कुठून आणलास?" त्यानंतर बत्तीस वर्षं मी ब्रश धरला तो फक्त दाढीचा.

दोन वर्षांपूर्वी, कुठून अवदसा आठवली कोण जाणे, जलरंग आणले. सोबत ३०० जीएसएमचा, म्हणजे चांगला जाडजूड कागद. तो इतका महाग निघाला की वापरायची छातीच होईना. शोकेसमधल्या पाहुण्यांच्या कपबश्यांसारखा कपाटात पडून राहिला. दर रविवारी बाहेर काढायचा, त्यावरून हात फिरवायचा, परत ठेवायचा. आधी साध्या वहीवर हात बसू दे, असं म्हणायचो. हात काही बसला नाही. मीच बसून राहिलो.

शेवटी श्रावणातल्या एका रविवारी पहाटे सहाला तलावपाळी गाठली. कुणी बघू नये म्हणून सहाची वेळ. पण ठाण्यात कुणी नसण्याची वेळच नाही! फिरायला आलेले, कोपिनेश्वराला निघालेले, हास्यक्लबवाले, सगळे हजर.

जलरंगात पांढरा म्हणजे कोरा सोडलेला कागद. फिक्याकडून गडदाकडे जायचं, चुकलं तर खोडायची सोय नाही. त्यात पावसाळी हवेत पहिला हात वाळता वाळत नाही. तो वाळेपर्यंत माझ्यामागे सात माणसांचं मंडळ स्थापन झालं होतं.

"देऊळ का हो?" एका आजोबांनी विचारलं.

"हो."

"डावीकडे कललंय."

"काका, ते बुडतंय का?" हा शेजारचा चिमुरडा.

"प्रतिबिंब आहे रे ते."

"मग वरचं कुठाय?"

चहावाल्याने कनवाळूपणे सुचवलं, "साहेब, फोटो काढा ना. पटकन होतं."

माझा हात लटपटला. ओल्या आकाशात पाण्याचा एक टपोरा थेंब पडला, रंग चहूबाजूंना पळाला आणि फ्लॉवरच्या गड्ड्याएवढा डाग उमटला. झालं! कान गरम झाले. सामान आवरायला घेणार, एवढ्यात आजोबा पुढे वाकले.

"वा! ढग काय उतरलाय!"

"भरून आलंय अगदी," मागून दुजोरा आला.

तासभर घाम गाळून काढलेल्या देवळाची ही गत, आणि सांडलेल्या पाण्याला दाद. मी विनयाने मान लववली. बिचाऱ्यांचा गैरसमज कशाला दूर करा?

घरी आल्यावर चित्र डायनिंग टेबलावर ठेवलं. बायकोने पोळी लाटता लाटता मान तिरकी करून बघितलं.

"अहो, छान आलंय. उपवन ना?"

मी गप्प राहिलो. तळं आहे हे तरी ओळखलं! पुढच्या रविवारी उपवनलाच जाईन म्हणतो. चित्र तयारच आहे, फक्त तळं बदलायचंय.