७,४५० चा आकडा आणि घरातला संगणक: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया आली त्याच रात्री उत्तर लिहायला घेतलं होतं. चार ओळी झाल्या आणि थांबलो, कारण तुमच्या पहिल्याच मुद्द्याला संगणक पुन्हा उघडून बघितल्याशिवाय उत्तर देणं बरोबर नव्हतं. त्यात आठवडा गेला. उशिराबद्दल क्षमस्व.

मूळ लेख ज्यांनी वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. सॅमसंगची ९९० प्रो ही १ टीबीची एनव्हीएमई ड्राइव्ह (मदरबोर्डवर थेट बसणारी वेगवान एसएसडी, म्हणजे फिरती तबकडी नसलेली साठवण) मी महिनाभर घरच्या संगणकावर वापरली आणि त्याच कंपनीच्या ८७० इव्हो या साध्या साटा (जुन्या, हळू जोडणीच्या) एसएसडीशी तिची तुलना केली. ड्राइव्ह उत्तम आहे, पण घरच्या कामात फरक फारसा जाणवत नाही, तेव्हा पैसे जास्त क्षमतेच्या मध्यम ड्राइव्हवर घालावेत, असं मी लिहिलं. यावर तुमचं म्हणणं असं: कंपनी सेकंदाला ७,४५० एमबी सांगते आणि तुम्हाला ३,५०० मिळाले, म्हणजे चाचणीच चुकली. ८० टक्के भरलेली ड्राइव्ह मोजणं हा तिच्यावर अन्याय आहे. स्टॉपवॉच घेऊन विंडोज सुरू व्हायची वाट बघणं म्हणजे चाचणी नव्हे. आणि एकंदरीत हा लेख वाचकाला जुन्या तंत्रज्ञानाकडे ढकलतो.

पहिला मुद्दा मान्य. चूक माझी आहे, आणि ती नीट उलगडून सांगतो, कारण हीच चूक अनेकांच्या घरी न कळता बसलेली असणार.

माझा मदरबोर्ड बी५५० या चिपसेटचा आहे आणि त्याच्या वरच्या एम.२ स्लॉटला, म्हणजे ड्राइव्ह बसवायच्या खाचेला, पीसीआयई ४.० (जोडणीची ३.० हून दुप्पट वेगवान पिढी) मिळतं, हे तुम्ही बरोबर लिहिलंत. पण तो स्लॉट थेट प्रोसेसरला जोडलेला असतो, आणि माझा प्रोसेसर आहे रायझन ५ ५६००जी. नावात शेवटी 'जी' नसलेला ५६०० पीसीआयई ४.० देतो. 'जी' असलेला फक्त ३.० देतो. पीसीआयई ३.० च्या चार लेनमधून (माहितीच्या वाटांमधून) कागदावर सेकंदाला साधारण ३,९४० एमबी जातात, प्रत्यक्षात साडेतीन हजारांच्या आसपास. म्हणजे ड्राइव्ह खरी होती, चाचणीही नीट झाली होती, फक्त रस्ता अरुंद होता. आणि ते मी लेखात लिहायला हवं होतं. नुसतं 'बी५५० मदरबोर्ड' लिहून मी वाचकाची दिशाभूल केली.

५६००जी २०२१ च्या ऑगस्टमध्ये बाजारात आला तेव्हा ग्राफिक्स कार्डांचे भाव आभाळाला भिडले होते. त्यात ग्राफिक्स आतच असतं, वेगळं कार्ड घ्यायला नको, म्हणून घरगुती संगणकासाठी तो खूप लोकांनी घेतला, मीही त्यातलाच. इंटेलकडेही तीच गोष्ट: दहाव्या पिढीपर्यंत पीसीआयई ३.०, अकराव्या पिढीपासून ४.०. आपल्याकडे काय आहे हे बघायला क्रिस्टलडिस्कइन्फो हा प्रोग्रॅम उघडा आणि 'ट्रान्सफर मोड' ची ओळ वाचा. तिथे दोन आकडे दिसतात. डावीकडचा म्हणजे ड्राइव्ह आत्ता ज्या वेगाच्या जोडणीवर चालली आहे तो, उजवीकडचा म्हणजे तिची क्षमता. माझ्याकडे डावीकडे ३.० आणि उजवीकडे ४.० आहे. महिनाभर ती ओळ माझ्या डोळ्यांसमोर होती.

तर चाचणी पुन्हा केली. मावसभावाकडे तसाच बी५५० आहे, पण प्रोसेसर साधा ५६०० आणि ग्राफिक्स कार्ड वेगळं. रविवारी ड्राइव्ह खिशात घालून त्याच्याकडे गेलो, त्याची ड्राइव्ह काढून माझी त्याच स्लॉटवर बसवली. ड्राइव्हचा वेग मोजणाऱ्या क्रिस्टलडिस्कमार्क या प्रोग्रॅममध्ये चाचणीची फाइल मुद्दाम ६४ जीबीची ठेवली, म्हणजे ड्राइव्हला घाम फुटेल. पहिल्या फेरीत ७,३०० आले. तिसऱ्या फेरीपर्यंत आकडा पाच हजारांच्या खाली घसरला आणि तापमान ऐंशीच्या वर गेलं. बंद करून कॅबिनेट पुन्हा उघडलं. स्लॉटवरची ॲल्युमिनियमची पट्टी सोडवली, उलटी केली, आणि तिच्या राखाडी पॅडवर नखाने चाचपलं तर एक पारदर्शक कागद हाताला लागला. संगणक जुळवणाऱ्याने पॅडवरची संरक्षक फिल्म काढलीच नव्हती, आणि मीही पट्टी पुन्हा लावताना ती बघितली नव्हती. उष्णता पट्टीपर्यंत नीट पोचतच नव्हती. फिल्म सोलली, तो बारीकसा स्क्रू परत आवळला, आणि त्यानंतर पाचही फेऱ्यांत ७,३०० च्या वर आकडा टिकला.

तेव्हा लेखातला ३,५०० चा आकडा खोडून दोन्ही आकडे, प्रोसेसरच्या नावांसकट, आज टाकले आहेत.

आता ज्या मुद्द्यावर आपलं पटत नाही त्याकडे येतो. तुम्ही म्हणता क्रिस्टलडिस्कमार्क हीच चाचणी. ठीक, तीच घेऊ, पण वरची, सलग वाचनाची ओळ न बघता शेवटची बघू: आरएनडी४के, क्यू१टी१. म्हणजे चार केबीचे छोटे तुकडे, ड्राइव्हभर विखुरलेले, आणि एक वाचून हातात आल्यावरच पुढचा मागायचा. विंडोज सुरू होताना, ब्राउझर उघडताना, एखादा प्रोग्रॅम आपल्या शेकडो बारीकसारीक फाइली गोळा करत असताना काम बहुतांशी याच चालीने होतं.

या बाबतीत कंपनीचाच कागद बोलका आहे. ९९० प्रो १ टीबीच्या तपशिलात सेकंदाला १२ लाख रँडम रीड, म्हणजे अशी विखुरलेली वाचनं, लिहिलेत. हा आकडा एका वेळी भरपूर मागण्या रांगेत लावल्यावरचा. त्याच कागदावर, रांगेत एकच मागणी असतानाचा आकडाही दिलाय: २२,००० ! आणि ८७० इव्होच्या कागदावर त्याच रकान्यात १३,०००. सलग वाचनात ७,४५० विरुद्ध ५६०, म्हणजे तेरा पटींहून जास्त. एकेक तुकडा वाचण्यात २२ विरुद्ध १३, म्हणजे पावणेदोन पटही नाही. एसटी स्टँडवर तिकिटाच्या दहा खिडक्या उघड्या असल्या आणि रांगेत मी एकटाच असलो, तर मला उपयोग एकाच खिडकीचा. बाकीच्या नऊ रिकाम्या बसून असतात.

फ्लॅशच्या पेशीतून एक पान वाचून आणायला काही दशलक्षांश सेकंद लागतातच. २२,००० चा आकडा म्हणजे एका वाचनाला साधारण ४५ मायक्रोसेकंद. जोडणी ३.० वरून ४.० केली तरी ही वेळ फारशी हलत नाही, म्हणूनच माझ्या दोन्ही संगणकांवर ही शेवटची ओळ जवळजवळ सारखी आली: ७९ आणि ८४ एमबी. ही वेळ खऱ्या अर्थाने कमी केली होती इंटेलच्या ऑप्टेनने, वेगळ्याच प्रकारची मेमरी वापरून, आणि ते उत्पादन बंद करत असल्याचं इंटेलने २०२२ च्या जुलैमध्ये जाहीर केलं. मला त्याचं आजही वाईट वाटतं. घरच्या संगणकाला जे हवं होतं ते तिथे होतं.

आणि मागे वळून बघितलं तर हार्ड डिस्कवरून पहिल्यांदा एसएसडीवर गेल्यावर जो चमत्कार वाटला तो का, हेही इथेच कळतं. मिनिटाला ७,२०० फेरे घेणाऱ्या तबकडीला एका फेऱ्याला ८.३३ मिलिसेकंद लागतात. हवी ती जागा वाचणाऱ्या काट्याखाली यायला सरासरी अर्धा फेरा, वर काटा हलायचा वेळ. सेकंदाला अशी शंभरभर वाचनंही होत नाहीत. शंभराच्या आतून तेरा हजारांवर उडी मारली की माणूस थक्क होतो. तेरावरून बावीस हजारांवर गेलेलं कळायला घड्याळ लागतं.

म्हणून तर मी स्टॉपवॉच घेतलं. तुमच्या आग्रहाखातर पुन्हा मोजलं, प्रत्येक गोष्ट पाच वेळा. बटण दाबल्यापासून डेस्कटॉप येईपर्यंत साटावर २४ सेकंद, ९९० प्रोवर माझ्याकडे २१, मावसभावाकडेही २१. माझी बायको डीटीपी करते. तिची दिवाळी अंकाची १९२ पानांची फाइल चित्रांसकट उघडायला साटावर ११ सेकंद, एनव्हीएमईवर दोन्हीकडे १०.

मग लग्नाच्या शूटिंगची ६० जीबीची फोल्डर एकाच ड्राइव्हवर इकडून तिकडे कॉपी केली. इथे ९९० प्रो खरोखर चमकली: साटावर ४ मिनिटं १० सेकंद, ५६००जी वर ४१ सेकंद, ५६०० वर २९. हे काम जो रोज करतो, त्याने ९९० प्रो डोळे झाकून घ्यावी. हे वाक्य मूळ लेखात नव्हतं, ते असायला हवं होतं. पण तेच शूटिंग कॅमेऱ्याच्या कार्डावरून उतरवलं तर तिन्हीकडे अकरा मिनिटं, कारण यूएचएस-१ प्रकारच्या कार्डाची जोडणीच सेकंदाला १०४ एमबीवर संपते.

८० टक्के भरलेल्या ड्राइव्हबद्दल मात्र मी एक पाऊलही मागे येणार नाही.

घरातल्या किती संगणकांची 'सी' ड्राइव्ह रिकामी असते? फोनमधून उतरवलेले फोटो, शाळेचे व्हिडिओ, व्हॉट्सॲपचा साठा, दोन मोठे गेम, की संपलं. नवीकोरी ड्राइव्ह पहिल्या महिन्यात कशी धावते हे विकणारा सांगतोच. घेणाऱ्याला पुढच्या चार वर्षांचं कळायला हवं. आणि भरलेल्या ड्राइव्हचा स्वभाव वेगळा असतो, याला कारण आहे. ९९० प्रोसारख्या ड्राइव्हमधल्या टीएलसी पेशीत तीन बिट ठेवायचे तर विद्युतभाराच्या आठ पातळ्या ओळखाव्या लागतात, क्यूएलसीत चार बिटांसाठी सोळा. इतकं बारीक लिहायला वेळ लागतो, म्हणून ड्राइव्ह रिकाम्या पेशींचा काही भाग तात्पुरता एकेका बिटानेच भरते. हा झाला तिचा वेगवान ओटा. आलेला माल आधी ओट्यावर उतरवायचा, सवडीने आत लावायचा. जागा भरत गेली की ओटा आखडत जातो.

ओटा संपल्यावर काय होतं ते सॅमसंगने ८७० क्यूव्हीओ या क्यूएलसी एसएसडीच्या तपशिलात स्वतःच प्रामाणिकपणे लिहिलंय, आणि मला त्याचं कौतुक आहे: १ टीबीच्या मॉडेलला ४२ जीबीपर्यंत ५३० एमबी, त्यानंतर ८०. हिशेब करा. १०० जीबीचं शूटिंग टाकलं तर पहिले ४२ जीबी दीड मिनिटाच्या आत, आणि उरलेल्या ५८ जीबींना बारा मिनिटं. साधी हार्ड डिस्क याहून लवकर उरकेल. क्यूएलसी वाईट असं मी म्हणत नाही, एकदा भरून फक्त वाचायचं असेल तर ती छान आहे. पण खोक्यावरच्या एका आकड्यातून हे कधीच कळलं नसतं. ९९० प्रो या कसोटीला उत्तम उतरली, वरच्या ६० जीबीच्या वेळा ती ८० टक्के भरलेली असतानाच्याच आहेत. म्हणजे ज्या चाचणीला तुम्ही अन्याय म्हणता, तिनेच तुमच्या ड्राइव्हची खरी किंमत दाखवली.

उष्णतेचंही तसंच. वातानुकूलित खोलीत घेतलेली मोजमापं मला नागपुरात राहून पुरत नाहीत. मे महिन्यात दुपारी कूलर बंद असलेल्या खोलीत कॅबिनेटच्या आतली हवाच पंचेचाळीसच्या वर असते. तिथे ड्राइव्हवर पट्टी हवीच, आणि फिल्म काढलेली हवी.

गेम आणि टिकाऊपणा यांवर लांबण लावत नाही. प्लेस्टेशन ५ साठी घेत असाल तर सोनीने ५,५०० एमबी किंवा जास्त वेगाची पीसीआयई ४.० ड्राइव्ह सांगितली आहे, तिथे वाद संपला. संगणकावर गेमची माहिती ड्राइव्हवरून झटपट आणणारं मायक्रोसॉफ्टचं डायरेक्टस्टोरेज २०२२ मध्ये आलं, पण ते वापरणारे गेम अजून मोजकेच. टिकाऊपणाचं म्हणाल तर १ टीबीच्या ९९० प्रोला ६०० टीबी लेखनाची हमी आहे. रोज ३० जीबी लिहिलं तरी वीस हजार दिवस होतात. हमीची पाच वर्षं त्याच्या कितीतरी आधी संपतील.

जुन्या तंत्रज्ञानाकडे ढकलण्याचा आरोप अर्धा मान्य करतो. एम.२ स्लॉट मोकळा असेल तर आज साटा घेऊ नका, मध्यम एनव्हीएमई साधारण त्याच पैशांत येते. हे मी स्पष्ट लिहिलं नव्हतं. माझा आक्षेप मध्यमवरून सर्वात वेगवान ड्राइव्हवर जाण्यासाठी मोजलेल्या जादा पैशांना आहे. त्या पैशांत १ टीबीऐवजी २ टीबी घ्या, टीएलसी आहे ना एवढं विचारून घ्या.

शेवटची तुमची सूचना, की हार्ड डिस्क भंगारात टाकून बॅकअपही जुन्या एसएसडीवर ठेवावा. कृपया हे करू नका. घरगुती एसएसडीचं जे मानक आहे त्यात, लिहून लिहून पूर्ण झिजलेल्या ड्राइव्हने वीज न देता ३० अंशांत एक वर्ष माहिती सांभाळावी एवढीच अपेक्षा आहे. नवी ड्राइव्ह याहून पुष्कळ जास्त टिकते, पण जुनी, वापरलेली ड्राइव्ह कपाटात ठेवायची, आणि तेही आमच्याकडच्या उन्हाळ्यात? मुलांचे लहानपणचे फोटो मी त्या भरवशावर ठेवणार नाही. माझी ४ टीबीची हार्ड डिस्क दर महिन्याच्या पहिल्या रविवारी कपाटातून निघते, कॉपी होते, परत कपाटात जाते.

तुमच्या संगणकावर ९९० प्रो आहे असं तुम्ही लिहिलंत. सवड झाली की 'ट्रान्सफर मोड' ची ओळ आणि क्यू१टी१ चा आकडा, प्रोसेसरच्या पूर्ण नावासकट, इथेच खाली लिहा. लेखात माझे दोन संगणक आहेत, तुमचा तिसरा जोडतो.