मॉर्मन सासर आणि चर्च सोडलेला नवरा: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

रविवारच्या जेवणावरच्या माझ्या लेखावर तुम्ही पुण्याहून लिहिलेली प्रतिक्रिया मनापासूनची आहे. दोन ओळींत तिची बोळवण करणं मला बरं वाटेना, म्हणून सविस्तर लिहिते. ज्यांनी तो लेख वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: मी अमेरिकेतल्या युटा राज्यात राहते. माझं सासर पिढ्यान्‌पिढ्या मॉर्मन. मॉर्मन हा अमेरिकेत सुरू झालेला एक ख्रिस्ती पंथ, आणि त्याच्या संस्थेला इथे नुसतं ‘चर्च’ म्हणतात. नवऱ्याने आमच्या लग्नाआधीच ते चर्च सोडलं, आणि तरीही बहुतेक रविवारी आम्ही सासूबाईंकडेच जेवायला असतो. हे कसं निभतं, ते मी त्यात लिहिलं होतं.

तुमचे आक्षेप असे आहेत. नवऱ्याने वाद न घालणं हा खोटेपणा आहे, आणि दाभोलकरांच्या महाराष्ट्रातून आलेल्या बाईने त्याचं कौतुक करू नये. जुळवून घेण्याचा सगळा भार सोडणाऱ्यांवरच पडतो. सासरच्यांचं प्रेम म्हणजे परत ओढून नेण्यासाठी टाकलेला गळ आहे. आणि मुळात एवढं अवघड काय आहे, आपल्याकडे देव न मानणारा मुलगाही गणपतीच्या आरतीला उभा राहतोच की!

शेवटच्या मुद्द्यापासून सुरुवात करते, कारण तिथेच गफलत आहे.

आपल्याकडे देव न मानणाऱ्याने काही सोडलं, अशी नोंदच कुठे होत नाही. तो आरतीला उभा राहिला काय आणि गॅलरीत फोनवर बोलत बसला काय, प्रसाद त्याला मिळतोच. मॉर्मन घरात तसं नसतं. आठव्या वर्षी बाप्तिस्मा होतो. मुलगे अठरा वर्षांचे झाले की त्यांनी दोन वर्षं मिशनवर, म्हणजे धर्मप्रसाराला, जावं अशी अपेक्षा असते. उत्पन्नाचा दहावा हिस्सा चर्चला जातो. चहा, कॉफी, दारू, तंबाखू वर्ज्य. वॉर्डातल्या, म्हणजे एका भागातल्या मंडळीतल्या, बहुतेक मोठ्या माणसांकडे काही ना काही बिनपगारी काम असतं. कुणी लहान मुलांना शिकवतं, कुणी हिशेब ठेवतं, वॉर्डाचा प्रमुख असलेला बिशपसुद्धा स्वतःची नोकरी सांभाळूनच बिशप असतो. हे सारं नीट पाळलं जातंय का, ते समोर बसवून विचारतात आणि मगच टेम्पलमध्ये, म्हणजे लग्नासारखे खास विधी होतात त्या पवित्र वास्तूत, जाण्याचं प्रवेशपत्र देतात. दर दोन वर्षांनी पुन्हा तेच प्रश्न. शिवाय वॉर्ड ठरतो राहत्या पत्त्यावरून, त्यामुळे युटातल्या कित्येक वस्त्यांमध्ये वॉर्ड आणि शेजार एकच असतात. इथे माणूस चर्च सोडतो तेव्हा त्याचं काम जातं, मित्रमंडळ पातळ होतं आणि चार दिवसांत गल्लीला खबर लागते.

यापेक्षा मोठी गोष्ट पुढेच आहे. टेम्पलमध्ये लागलेलं लग्न मरणाने संपत नाही, आईवडील आणि मुलं मरणानंतरही कायमची बांधलेली राहतात, हा या श्रद्धेचा गाभा आहे. पण सर्वांत वरच्या स्वर्गातलं ते एकत्र राहणं, दिलेली वचनं पाळणाऱ्यांसाठी आहे. त्यामुळे मुलगा ‘माझा आता विश्वास नाही’ असं म्हणतो, तेव्हा आईला ऐकू येतं की हा तिथे आपल्यासोबत नसणार. तुम्ही ते मानत नाही, मीही मानत नाही. पण त्या बाईचं दुःख खरं आहे. त्याला अंधश्रद्धा म्हटल्याने ते तसूभरही कमी होत नाही.

आता खोटेपणाचं. माझा नवरा गप्प बसलेला नाही. त्याने आईवडिलांना समोर बसवून सांगितलं की मी आता मानत नाही, सभासदांच्या यादीतून नाव काढून घेतोय, आणि हे कुणावर रागावून केलेलं नाही. तो कॉफी पितो हे त्यांना ठाऊक आहे. ते येणार म्हणून आमच्या ओट्यावरचं कॉफीचं यंत्र कपाटात जात नाही. त्याने एकच गोष्ट बंद केली, वडिलांना पटवण्याचा प्रयत्न.

तो प्रयत्न त्याने आधी करून पाहिला होता. चर्चने 2013 पासून स्वतःच्याच संकेतस्थळावर इतिहासातल्या नाजूक विषयांवर लेख प्रसिद्ध केले आहेत. संस्थापक जोसेफ स्मिथ यांच्या अनेक बायका, 1978 पर्यंत कृष्णवर्णीयांना नाकारलेलं पुरोहितपद, असे विषय त्यांत आहेत. नवऱ्याने ते छापून वडिलांपुढे ठेवले. सासऱ्यांनी चष्मा लावला, पहिलं पान उलटलं, उठून आतल्या खोलीत गेले आणि स्वतःची प्रत घेऊन आले. तिच्यात पेन्सिलीने रेघा मारलेल्या होत्या, समासात बारीक अक्षरात टिपणं होती. नवरा समजत होता की वडिलांना हे माहीत नसणार. त्यांना माहीत होतं. तेच लेख वाचून बाप एका ठिकाणी पोचला होता आणि मुलगा दुसऱ्या. त्यानंतर हा विषय निघायचा थांबला तो भीतीमुळे नाही. सांगण्यासारखं दोघांचंही सांगून झालं होतं.

दाभोलकरांचं नाव तुम्ही घेतलंत. 20 ऑगस्ट 2013 ला पुण्यात ज्या माणसाचा खून झाला, त्याचं नाव कुणीही हलक्या हाताने घेऊ नये. पण अंनिसची भूमिका तुम्हाला माझ्याइतकीच माहीत आहे: विरोध देवाधर्माला नाही, त्यांच्या नावाखाली होणाऱ्या शोषणाला आहे. सासूबाईंनी रविवारी प्रार्थना करणं हे शोषण नव्हे. ते कुठे सुरू होतं, त्याकडे मी पुढे येतेच.

भार कुणावर पडतो, हा तुमचा सर्वांत सबळ मुद्दा आहे. युटात संख्या त्यांची, सणवार त्यांचे, 24 जुलैला सुट्टी असते तीही 1847 साली मॉर्मनांचे तेव्हाचे नेते ब्रिगहॅम यंग आणि त्यांची माणसं इथल्या सॉल्ट लेकच्या खोऱ्यात पोचली म्हणून. आणि हा भार रोजच्या जेवणात जाणवत नाही, तो कार्यप्रसंगी जाणवतो. माझ्या नणंदेचं लग्न 2019 च्या आधीचं. टेम्पलमधला विधी फक्त प्रवेशपत्र असलेल्यांना पाहता येतो. आईवडील आत, थोरले दीर आत, मैत्रिणी आत, आणि सख्खा भाऊ बाहेर हिरवळीवर. मी साडी नेसून त्याच्याशेजारी बाकावर बसले होते. आत जायचं वय नसलेली दिरांची मुलं आमच्या ताब्यात होती, तीन वर्षांची पुतणी माझ्या पदरात गवत भरत होती. तासाभराने दारं उघडली, नणंद बाहेर आली ती कॅमेऱ्याकडे न बघता थेट भावाकडे आली आणि गळ्यात पडून रडली. तिलाही तो आत हवा होता.

‘मग आधी साधं नोंदणी लग्न करून सगळ्यांना बोलवायचं होतं,’ असं तुम्ही म्हणाल. त्या वेळी अमेरिकेत तसं केलं की टेम्पलमधल्या विधीसाठी वर्षभर थांबावं लागे. घराघरांत त्याचा अर्थ एकच लावला जाई, की या दोघांचं काहीतरी चुकलेलं असणार. ब्रिटनसारख्या ज्या देशांत कायद्यानेच आधी सार्वजनिक लग्न लागत असे, तिथे हीच मंडळी हाच धर्म पाळत असूनही असं थांबवत नव्हती. शेवटी मे 2019 मध्ये चर्चने वर्षाची अट काढून टाकली. पुढे धाकट्या दिरांचं लग्न आधी सासऱ्यांच्या परसात झालं, माझ्या नवऱ्याने करवल्यासारखी धावपळ केली, आणि टेम्पलमधला विधी नंतर घरच्या मोजक्या माणसांत झाला. श्रद्धा तीच, माणसं तीच. नियम बदलला आणि एक जखम व्हायची टळली. म्हणून मला वाटतं की श्रद्धाळू मंडळींनी ‘चर्चचा नियमच तसा आहे’ एवढ्यावर थांबू नये. नियमाच्या आत राहूनही सोडलेल्या माणसासाठी जागा करता येते. ती शोधण्याची जबाबदारी त्यांची आहे, कारण आतली वाट त्यांना माहीत असते.

प्रेम आणि गळ. चर्चच्या व्यासपीठावरून दोन्ही गोष्टी सांगितल्या गेल्या आहेत. ऑक्टोबर 2013 मध्ये चर्चच्या अध्यक्षमंडळातले तेव्हाचे एक नेते डीटर उख्डॉर्फ म्हणाले होते की सोडून जाणारे दुखावले गेले म्हणून, आळशी म्हणून किंवा पापी म्हणून गेले असं आपण धरून चालतो, पण ते इतकं सोपं नसतं. बरोबर दहा वर्षांनी, ऑक्टोबर 2023 मध्ये, तेव्हाचे अध्यक्ष रसेल नेल्सन यांनी श्रद्धा नसलेल्यांचा सल्ला कधीच घेऊ नका असं सांगितलं. पहिल्या वाक्याने कित्येक घरांत धाकट्यांना धीर दिला, दुसऱ्याने कित्येक बापांना आपल्याच मुलांच्या मताची धास्ती घातली.

सासूबाईंनी सुरुवातीला आमचा पत्ता मिशनरींना दिला होता. दोन तरुण मुलं, पांढरे शर्ट, छातीवर नावाची पाटी, दारात उभी. नवऱ्याने त्यांना पाणी दिलं आणि आईला फोन करून शांतपणे सांगितलं, ‘आई, मला भेटायचं असेल तर तू ये, माणसं पाठवू नकोस.’ त्यानंतर तसं पुन्हा झालं नाही. सासूबाई टेम्पलमधल्या प्रार्थनेच्या यादीत अजूनही मुलाचं नाव घालतात. तो म्हणतो, घालू दे. तो परत यावा असं त्यांना वाटतं, आणि ते वाटणं बंद करायला सांगण्याचा अधिकार आम्हाला नाही. मी एवढंच पाहते की तो परत आला नाही तरी ताटातलं काही कमी होतंय का. होत नाही. माझंच सांगते: चहाही वर्ज्य असलेल्या त्या स्वयंपाकघरात आता माझ्यासाठी चहापूड आणि वेगळं पातेलं आहे. इंडियन स्टोअरमध्ये जाऊन सासूबाईंनी स्वतः आणलं. आलं कधी घालायचं, किती वेळ उकळायचं, हे त्या विचारून करतात आणि कप माझ्या हातात देतात. आयुष्यभर ज्याची चव घेतली नाही ते दुसऱ्यासाठी मन लावून करणाऱ्या बाईच्या प्रेमाला मी गळ म्हणणार नाही.

पण सगळीच घरं अशी नसतात, आणि तिथे मी तुमच्या बाजूची आहे. समलिंगी मुलाला किंवा मुलीला घरात रोज तोलून मापून वागवत असतील, तर त्या घरापासून लांब जाणं हेच बरोबर. नोव्हेंबर 2015 मध्ये चर्चने समलिंगी जोडप्यांच्या मुलांना बाप्तिस्मा नाकारणारं धोरण आणलं आणि एप्रिल 2019 मध्ये मागे घेतलं. मधल्या काळात किती घरं तुटली असतील याचा विचार केला तरी पोटात कालवतं. मामा ड्रॅगन्स नावाचा गट अशा मुलांच्या मॉर्मन आयांनीच उभा केला. त्यांतल्या काही अजून चर्चला जातात, काहींनी सोडलं. मुलांसाठी मात्र त्या एकत्र उभ्या राहतात.

आमच्या गल्लीत एक जोडपं आहे, त्यातला नवरा मानत नाही आणि बायको मानते. आमच्यापेक्षा त्यांचं अवघड, कारण सासर रविवारी भेटतं आणि नवरा-बायको रोज. त्यांनी पैशापासून सुरुवात केली: बायको स्वतःच्या पगाराचा दहावा हिस्सा देते, नवऱ्याच्या पगाराला हात लावत नाही. मुलं आईबरोबर चर्चला जातात, आणि घरी आल्यावर वडील त्यांची उलटतपासणी घेत नाहीत. मुलांनी विचारलं तर ‘मला तसं वाटत नाही, आईला वाटतं’ असं सांगतात. हे ठरवायला त्यांना बरीच भांडणं करावी लागली, हे दोघंही मोकळेपणी सांगतात.

तुम्ही शेवटी विचारलंत की माझी मुलगीच उद्या बाप्तिस्मा घ्यायचा म्हणाली तर काय करू. आठव्या वर्षी आम्ही होकार दिला नाही. ती सहाची असतानाच आजी-आजोबांना तसं सांगून टाकलं होतं, म्हणजे ऐनवेळी कुणाचा हिरमोड नको. मोठी होऊन स्वतःच्या बुद्धीने म्हणाली, तर आमच्या शंका तिला एकदा स्पष्ट सांगू आणि पुढच्या रांगेत जाऊन बसू. बाप्तिस्मा बघायला कुणालाही जाता येतं. टेम्पलमध्ये लग्न करायचं म्हणाली, तर आधी सगळ्यांसमोर नोंदणी लग्न कर, एवढा हट्ट मी धरीन. आता त्याला आडकाठी नाही.