जोव्हर चालला म्हणे! बरं, झोपा आता

रात्री साडेअकराला कोल्हापूरहून भाच्याचा व्हॉइस मेसेज आला, "मामा, जोव्हर चाललाय म्हणं, खरं हाय का वो?" सकाळी गणिताची चाचणी, आणि पोरगा आर्सेनल या इंग्लिश फुटबॉल क्लबच्या सेट-पीस कोचच्या, म्हणजे कॉर्नर, फ्री-किकचे डाव बसवणाऱ्या कोचच्या, काळजीत जागा. मागोमाग त्यानं, जिथे हे वाचलं तो फॉरवर्ड मेसेजही पाठवला. ऑफिसच्या ग्रुपवर मला तो दोनदा येऊन गेला होता आणि दोन्ही वेळा मी गप्प बसलो होतो. आता घरापर्यंत आला म्हटल्यावर बोलणं भाग आहे.

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं: पाच मोठे क्लब निकोलस जोव्हरच्या मागे लागलेत, आर्सेनलचे निम्मे गोल त्याच्या युक्त्यांचे आहेत, तो कधीही उठून जाऊ शकतो, जाताना सगळ्या युक्त्या नेईल आणि गेलाच तर तो गद्दार.

पाच क्लबांचं सोडून देऊ. कोण म्हणालं, कधी म्हणालं, पत्ता नाही. "खात्रीलायक सूत्रं" एवढंच. पाचांत मँचेस्टर सिटीचंही नाव आहे, हे लक्षात ठेवा.

निम्मे गोल? २०२३-२४ मध्ये आर्सेनलनं प्रीमियर लीगमध्ये ९१ गोल केले. त्यातले कॉर्नरवरून आलेले १६. शंभरात अठरासुद्धा भरत नाहीत. फ्री-किकचे धरले तरी निम्म्याच्या आसपास फिरकत नाही. आता १६ म्हणजे लीगच्या तेव्हाच्या विक्रमाची बरोबरी, त्यामुळे माणसाचं श्रेय मोठं आहेच. स्टेडियमजवळच्या भिंतीवर त्याचं चित्र उगाच नाही रंगवलं. पण कॉर्नर मारतात राइस आणि साका, आणि गर्दीत डोकं घालतो गॅब्रिएल. ते तिघं काही जोव्हरच्या बॅगेत मावत नाहीत.

"कधीही जाऊ शकतो" हे अर्धं खरं आहे आणि कबूल करताना मला जड जातंय. ट्रान्सफर विंडो खेळाडूंना असते, कोचला नाही. भर सीझनमध्ये दुसऱ्याचा असिस्टंट उचलायचा कसा, हे तर आपल्याच आर्सेनलनं दाखवलंय. १५ डिसेंबर २०१९ ला सिटीनं आर्सेनलच्याच मैदानावर आपल्याला ३-० नं धुतलं. त्याच मध्यरात्रीनंतर सिटीचा असिस्टंट कोच मिकेल आर्तेता याच्या घराबाहेर आर्सेनलच्या बड्या अधिकाऱ्याचे फोटो निघाले. २० तारखेला आर्तेता आपला मॅनेजर. सिटीवाले खवळले, त्यांनी भरपाई मागितली. म्हणजे जाता येतं, पण करार असतो, पैसे मोजावे लागतात आणि जुना क्लब अडून बसू शकतो. न्यूकॅसल क्लबचा स्पोर्टिंग डायरेक्टर डॅन अ‍ॅशवर्थ याला मँचेस्टर युनायटेडकडे जायचं होतं, तर न्यूकॅसलनं त्याला फेब्रुवारी २०२४ मध्ये रजेवर घरी बसवलं. युनायटेडमध्ये रुजू व्हायला जुलै उजाडला.

आता खरा विनोद. "सगळ्या युक्त्या घेऊन जाईल." अरे, कुठल्या युक्त्या? कॉर्नर काय तिजोरीत घेतात? आपले पाच-सहा जण लांबच्या पोस्टकडे घोळका करून उभे राहतात, चेंडू उडाला की गोलकडे धावतात, एक जण गोलकीपरच्या अंगाला चिकटून त्याला हलू देत नाही. हे तुम्हाला सोफ्यावरून दिसतं. मग पगार घेऊन तेच बघत बसणाऱ्या समोरच्या अ‍ॅनालिस्टला दिसत नसेल? दिसतं, तरी गोल होतो. कारण कागदावरची खूण निराळी आणि आठवडाभर घोटून घेणं निराळं.

पटत नसेल तर ब्रेन्टफर्ड या क्लबकडे बघा. सेट-पीस कोच या पदाचा तो कारखानाच आहे. जोव्हर तिथे २०१६ ते २०१९ होता, तिथून सिटीकडे गेला. त्याच्या जागी आलेला आंद्रेआस यॉर्गसन आर्सेनलनं नेला. मग बेर्नार्दो क्वेवा आला, त्याला २०२४ मध्ये चेल्सीनं नेलं. त्यानंतरचा कीथ अँड्र्यूज तर २०२५ मध्ये थेट ब्रेन्टफर्डचाच हेड कोच झाला. दर दोन-चार वर्षांनी "युक्त्या" दाराबाहेर जात होत्या, आणि त्याच काळात हा छोटा क्लब २०२१ मध्ये प्रीमियर लीगमध्ये चढला आणि टिकला. आणि सिटी? जोव्हर त्यांना सोडून आपल्याकडे आला २०२१ मध्ये. पुढच्याच सीझनला त्यांनी लीग जिंकली, त्यापुढच्या सीझनला तीन मोठे करंडक. युक्त्या नेल्यानं बुडायचं असतं तर पहिले ते बुडायला हवे होते.

राहता राहिला "गद्दार". मेसेजच्या शेवटी "त्याच्या अकाउंटवर जाऊन जाब विचारा" असंही लिहिलंय. याचा मात्र मला राग येतो. चौदा-पंधरा वर्षांची पोरं हे वाचून खरंच शिव्या लिहितात, आणि कशासाठी, तर न घडलेल्या गोष्टीसाठी. जो माणूस सिटी सोडून आपल्याकडे आला तेव्हा हुशार होता, तो आपल्याकडून कुठे जाणार अशी नुसती कुजबुज झाली की गद्दार? पेठेतला खेळाडू दुसऱ्या तालमीकडून उतरला की कोल्हापुरात अबोला धरतात, ते निदान तो उतरल्यावर तरी.

हे सगळं पोराला व्हॉइस मेसेजमध्ये सांगितलं, चांगली चार मिनिटं. उत्तर आलं, "बरं मामा. पण गॅब्रिएलला कोण न्यायला बसलं नाही न्हवं?"