धाकट्याच्या आजाराचे नाव छापू द्या

आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर सध्या एक वाद पेटला आहे. दुर्मीळ आजार झालेल्या एकाच मुलावर सरकारने एवढा पैसा ओतावा का, की तेवढ्यात शंभर जणांचे डायलिसिस करावे? केंद्राचे दुर्मीळ आजारांचे धोरण २०२१ मध्ये आले, २०२२ मध्ये मदतीची मर्यादा एका रुग्णामागे ५० लाखांपर्यंत वाढली. ती मदतही ठरावीक केंद्रांतूनच मिळते आणि गोव्यातल्या फोंड्याच्या माणसाला त्यासाठी मुंबई किंवा बेंगळुरू गाठावे लागते. त्यावर एका काकांनी लिहिले, "भावनेवर राज्य चालत नाही." मी पोर्तुगालमध्ये, लिस्बनला राहते. तिथून त्यांना उत्तर लिहायला घेतले, ते लांबत गेले म्हणून इथे मांडते.

काका, तुमचा हिशेब मी उडवून लावत नाही. स्पायनल मस्क्युलर अॅट्रॉफी या स्नायू दुबळे करत नेणाऱ्या जनुकीय आजाराच्या एका इंजेक्शनचे सोळा कोटी ऐकले की कोणीही दचकेल. पण औषधाची किंमत देवाने लिहून ठेवलेली नसते. त्याच आजारावरचे रिस्डिप्लाम हे औषध सहा लाखांच्या घरात एक बाटली असे विकले जात होते. न्यायालयात पेटंटचा वाद झाला आणि २०२५ मध्ये भारतीय कंपनीची बाटली सोळा हजारांच्या आत बाजारात आली. तेव्हा "परवडते का" हा प्रश्न विचारताना "एवढी किंमत का" हेही विचारायला हवे.

आणि आपल्या घरातला मुलगा तर किमतीमुळे गेलाच नाही.

माझ्या धाकट्या भावाला विल्सनचा आजार होता. अन्नातून येणारे जास्तीचे तांबे यकृत पित्तावाटे बाहेर टाकते. या आजारात एका जनुकाच्या दोषामुळे ते काम बंद पडते, तांबे आधी यकृतात साठते, मग मेंदूत. साधारण तीस हजारांत एकाला होतो. किनिअर विल्सन यांनी तो १९१२ मध्ये मांडला आणि तांबे बाहेर काढणारे, पोटातून घ्यायचे पेनिसिलामाइन हे औषध १९५६ पासून आहे. झिंकच्या गोळ्याही चालतात. वेळेत सुरू केले तर माणूस संसार करतो, म्हातारा होतो. धाकटा तेविसाव्या वर्षी गेला.

सोळाव्या वर्षी त्याला कावीळ झाली. गावातल्या रिवाजाप्रमाणे झाडपाल्याचे औषध झाले, कावीळ उतरली आणि सगळे ती विसरले. तीन वर्षांनी त्याचा तबला बिघडला. देवळात भजनी सप्ताहाला तोच बसायचा. डग्ग्यावरचा 'घे' उशिरा पडू लागला, लय त्याला कळत होती पण मनगट ऐकत नव्हते. बुवांनी आधी डोळे वटारले, नंतर त्यांनीच ठेका सोपा करून घेतला. मग अक्षर बारीक आणि वाकडे झाले, चहाचा कप दोन्ही हातांनी धरावा लागला, बोलणे जड झाले, राग अनावर होऊ लागला. एका दवाखान्यात टेन्शनच्या गोळ्या दिल्या. आईने देवाला कौल लावला, पाकळी उजवीकडून पडली आणि ती निर्धास्त झाली. आईला मी काडीचाही दोष देत नाही. दुसरे दार तिला कोणी दाखवलेच नव्हते.

आजार सापडला तो चष्म्याचा नंबर काढताना. डोळ्यांच्या डॉक्टरांनी स्लिट लॅम्पखाली, म्हणजे डोळा मोठा करून दाखवणाऱ्या दिव्याच्या यंत्राखाली पाहिले आणि ते बराच वेळ बोललेच नाहीत. मग शिकाऊ डॉक्टरांना बोलावून एकेकाला दाखवले: बुबुळाच्या कडेने तपकिरी, थोडे हिरवट कडे. तांब्याचेच ते. यंत्र साधे, गावोगावच्या नेत्रचिकित्सकाकडे असणारे. गोळ्या सुरू झाल्या, खर्चही आम्हाला झेपणारा होता, पण यकृत तोवर आतून निबर झाले होते.

आता इथले सांगते, कारण "तुमच्या युरोपात सगळे फुकट मिळते" हेही ग्रुपवर वाचले. असे काही नाही. पोर्तुगालमध्ये १५ लाखांहून जास्त माणसांना सरकारी कुटुंब-डॉक्टर नेमून मिळालेला नाही. २०१९ मध्ये इथल्याही एका आईबापाने तेच सोळा कोटींचे इंजेक्शन मिळवण्यासाठी लोकांपुढे हात पसरले. लोकांनी वीस लाख युरोंहून जास्त दिले आणि मग औषधाचा खर्च सरकारने उचलला. २०२३ मध्ये परदेशातून आलेल्या जुळ्या मुलींना तेच औषध वशिल्याने मिळाल्याचा आरोप झाला, पुढे संसदेची चौकशी समिती बसली. वशिला म्हणजे काय हे इथल्यांनाही समजावून सांगावे लागत नाही.

मग फरक कुठे आहे? इथे डॉक्टरांच्या पहिल्या भेटीत त्या बाईंनी फॉर्म भरताना मला विचारले, भावंडांपैकी कोणी लहान वयात गेले का? मी आजाराचे नाव सांगितले. त्यांनी पेन खाली ठेवले आणि माझ्याकडे नीट पाहिले. मग सेरुलोप्लाझ्मिनची, म्हणजे रक्तातल्या तांबे वाहणाऱ्या प्रथिनाची चाचणी, चोवीस तासांच्या लघवीतले तांबे, डोळ्यांची तपासणी, सगळे लिहून दिले. सख्ख्या भावंडाला हा आजार असण्याची शक्यता चारात एक असते. धाकट्याचे निदान झाले तेव्हा मी तिथेच बाकावर बसले होते, पण मला तपासा असे कोणी म्हटले नाही. माझे सगळे व्यवस्थित निघाले. नसते निघाले तर?

घराघराची अशी विचारपूस करायची इथे जुनी सवय आहे. पोर्तुगालच्या उत्तरेला पोवुआ द व्हार्झिं नावाचे मासेमारीचे गाव आहे. तिथल्या लोकांना ऐन तारुण्यात पाय बधिर होऊन मारणारा एक आजार व्हायचा. कोरिनो आंद्राद या डॉक्टरांनी १९३९ मध्ये अशी पहिली रुग्ण तपासली, मग एकेका घराण्याचा माग काढत गेले आणि १९५२ मध्ये आजाराचे वर्णन प्रसिद्ध केले. औषधाला युरोपात परवानगी मिळाली २०११ मध्ये. म्हणजे औषध येण्याच्या कितीतरी आधी घराणी माहीत झाली होती.

आपल्या गोव्यात हे का होऊ नये? २०११ च्या जनगणनेत आपण साडेचौदा लाख होतो. सत्तरी तालुक्यातला रुग्ण काय आणि काणकोणचा काय, अवघड दुखणे शेवटी बांबोळीलाच, गोमेकॉत म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात पोचते. तिथे विल्सनची आणि अशा आजारांची एक नोंदवही ठेवणे, प्रत्येक रुग्णाच्या भावंडांना बोलावून तपासणे, याला किती कोटी लागतात? विल्सन नवजात बाळाच्या नेहमीच्या तपासणीत सापडत नाही, म्हणून भावंडांना गाठणे जास्तच महत्त्वाचे. आणि आपण मागासही नाही. नवजात बालकांची चयापचयाच्या आजारांसाठी तपासणी २००८ मध्ये देशात पहिल्यांदा राज्यभर सुरू केली ती गोव्यानेच. पुढे ती खंडित झाली. गोव्यातल्या आमदारांना, डॉक्टरांना मी कळकळीने विचारते, त्यात खंड का पडू दिला?

पण सगळे सरकारच्या अंगावर ढकलून मी मोकळी होणार नाही. नोंदवही ठेवली तरी तिच्यात नाव कोण सांगणार? धाकट्याच्या पुण्यस्मरणाची जाहिरात आम्ही दरवर्षी वर्तमानपत्रात देतो. त्याचा हसरा फोटो, खाली शोकाकुल परिवार. निधनाच्या बातमीत आम्ही "अल्पशा आजाराने" असे छापले होते. अल्पसा? सात वर्षे तो पोखरला जात होता. यंदा आजाराचे नाव छापावे असे मी सुचवले, तर काकी फोनवर रडली. "मुलींची लग्ने व्हायची आहेत गं, आताच कशाला?"

काकीची भीती खरी आहे, स्थळे कशी मोडतात ते मीही पाहिले आहे. तरीही मी तिला हेच सांगितले, आणि इथेही सांगते. हा दोष आई आणि वडील दोघांकडून आला तरच मूल आजारी पडते. एकाकडून आला तर माणूस आयुष्यभर ठणठणीत राहतो. आपण चार गावांत, त्याच त्या घराण्यांत सोयरिकी करतो, म्हणून तर दोन्ही बाजूंना माहीत असणे मुलींच्या आणि त्यांच्या मुलांच्या भल्याचे आहे. लपवले तर पुढचा मुलगा पुन्हा कावीळ, कौल, टेन्शनच्या गोळ्या याच वाटेने जाईल.

बाबांनी होकार दिला आहे. नावाखाली "विल्सन आजाराने निधन" असे येईल आणि त्याखाली मी सांगितलेली ओळ: तरुण मुलांना कारण कळत नसलेली कावीळ झाली, हात कापू लागले, बोलणे किंवा अक्षर बदलले, तर यकृताबरोबर डोळ्यांचीही स्लिट लॅम्पवर तपासणी करून घ्या, आणि आजार निघाला तर भावंडांचीही. काकी अजून माझ्याशी बोलत नाही. पण परवा तिच्या थोरलीने मला हळूच मेसेज करून विचारले, ती रक्तचाचणी फोंड्यात कुठे होते.