मडी वॉटर्सची वीज आणि आपली ढोलकी

लावणीच्या मंचावर ढोलकीशेजारी ऑक्टोपॅड आणि सिंथेसायझर दिसला की महाराष्ट्रात वाद पेटतो: लोककला बाटली, जुनं तेच खरं होतं. शिकागोत राहून हा वाद वाचताना मला मडी वॉटर्स आठवतो, ब्लूज या अमेरिकी कृष्णवर्णीयांच्या लोकसंगीतातला गायक आणि गिटारवादक. असाच आरोप त्यानेही झेलला, आणि त्याची सुरुवातीची ध्वनिमुद्रणं ओळीने ऐकली की तो आरोप टिकत नाही.

ऑगस्ट १९४१. मिसिसिपीत क्लार्क्सडेलजवळच्या स्टोव्हॉल मळ्यावर मॅकिन्ली मॉर्गनफील्ड, म्हणजे आपला मडी, ट्रॅक्टर चालवत होता. लायब्ररी ऑफ काँग्रेस या अमेरिकेच्या राष्ट्रीय ग्रंथालयासाठी लोकगीत-संग्राहक ॲलन लोमॅक्स आणि फिस्क विद्यापीठाचे जॉन वर्क ध्वनिमुद्रणाचं यंत्र घेऊन तिथे पोचले. (वर्क स्वतः कृष्णवर्णीय संगीतज्ञ. पुढे कित्येक दशकं श्रेय मात्र लोमॅक्स यांच्याच नावावर जमा होत राहिलं, याचा मला अजून राग येतो.) त्या मुद्रणांत बहुतेक ठिकाणी नुसता गळा आणि साधी गिटार आहे. बोटातली नळी तारेवरून घसरते आणि मींड घेत सूर गळ्याच्या मागोमाग जातो. सन हाऊस आणि रॉबर्ट जॉन्सन या मिसिसिपीच्याच ब्लूज गायकांचा संस्कार त्यात उघड ऐकू येतो.

१९४३ मध्ये तो शिकागोला आला. साउथ साइडच्या गजबजलेल्या दारूच्या अड्ड्यांत साधी गिटार कुणाला ऐकूच जात नसे, म्हणून त्याने विजेवरची हातात घेतली. १९४८ मध्ये ॲरिस्टोक्रॅट कंपनीने त्याची 'आय कान्ट बी सॅटिस्फाइड' आणि 'आय फील लाइक गोइंग होम' ही तबकडी काढली. ही दोन्ही गाणी मळ्यावर मुद्रित झालेल्या गाण्यांचीच पुढची रूपं. साथीला फक्त बिग क्रॉफर्डचा बास. पण आता सूर लांबतो, त्याला धार येते, आणि गळा थांबतो तिथून गिटार बोलू लागते. तबकडी हातोहात खपली. घेणारे बहुतेक दक्षिणेतून आलेले कृष्णवर्णीय कामगार होते. त्यांना त्यात आपलं गाव ऐकू आलं, विजेसकट.

१९५८ मध्ये इंग्लंडमध्ये मात्र काही समीक्षकांना ती गिटार कर्कश वाटली. १९६४ मध्ये, लोकसंगीताची लाट जोरात असताना, त्याच्याच कंपनीने 'फोक सिंगर' नावाच्या तबकडीसाठी त्याच्या हाती पुन्हा साधी गिटार दिली. तबकडी सुंदर आहे. पण तोवर शिकागोत त्याला वीस वर्षं झाली होती, आणि मळ्यावरचा मडी हवा होता तो मळा कधी न पाहिलेल्यांना.

आम्हा परदेशस्थांची तऱ्हा वेगळी नाही. ज्या वर्षी देश सोडला, त्या वर्षीची लोककला आम्हाला महाराष्ट्र मंडळाच्या मंचावर हवी असते. वास्तविक आपली परंपरा स्थलांतरातच वाढली आहे. वाटेगावहून मुंबईत आलेल्या अण्णाभाऊ साठ्यांनी 'माझी मैना गावावर राहिली' ही छक्कड रचली. तमाशाच्या त्या ढंगात त्यांनी विरहाबरोबर मुंबईची बकाली आणि संयुक्त महाराष्ट्राची मागणीही आणली.

आवाजाच्या भिंतीखाली गाणाऱ्याचा गळा दबतो, ही तक्रार मात्र मला पूर्ण मान्य आहे. मडीच्या विजेने गळा झाकला नाही, त्याला जोड दिली. चर्चा याच कसोटीवर व्हावी. वाद्य कुठल्या सालचं आहे, हा मुद्दा नाही.

लोमॅक्सच्या मुद्रणांबद्दल मडीला पुढे वीस डॉलर आणि दोन तबकड्या मिळाल्या. आपल्या विद्यापीठांनी आजच्या फडांचं गाणं ऑक्टोपॅडसकट मुद्रित करावं. नाव, गाव, तारीख नोंदवावी, साथीदारांचीसुद्धा. आणि मानधन त्याच दिवशी हातात द्यावं.